सवाईला जाते आहे, सोबत रेकॉर्डही घ्यायच्यात. पुण्या-मुंबईत दुकानं उरलीत का?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा पसरट आहे, सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीत भावाने टर्नटेबल भेट दिलं. ते पाहून सासऱ्यांना हुरूप आला आणि त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. आत माणिक वर्मांच्या, सुधीर फडक्यांच्या छोट्या ईपी, नाट्यसंगीताच्या काही एलपी, आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या जाडजूड, वजनदार तबकड्या. या शेवटच्या आजेसासऱ्यांच्या, चावीच्या ग्रामोफोनवर वाजवायच्या. त्यांना मी अजून हात लावलेला नाही.

ईपी आता ऐकून ऐकून पाठ झाल्यात. शास्त्रीय संगीत मी शिकलेली नाही, पण कान चांगला आहे असं म्हणतात (म्हणजे आईच म्हणते). यंदा डिसेंबरात पहिल्यांदाच पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं पक्कं केलंय. मैत्रीण कोथरूडला राहते, मुक्काम तिच्याकडे. परतताना एक दिवस मुंबईत काढणार आहे.

तर विचारायचं असं की, रेकॉर्ड हातात घेऊन, उलटसुलट बघून, जमलं तर ऐकून विकत घेता येईल अशी दुकानं पुण्या-मुंबईत अजून आहेत का? एकदा ऑनलाइन मागवून बघितली. 'उत्तम स्थिती' असं लिहिलेलं. कव्हर खरंच उत्तम होतं, आतल्या तबकडीवर बुरशी. परत पाठवायचा खर्च जवळपास किमतीएवढा, म्हणून गप्प बसले.

दुसरं, जुनी रेकॉर्ड बघून पारखायची कशी?

आणि तिसरा प्रश्न नवऱ्याचा आहे. त्याचं म्हणणं, "ऐकायला फोन आहे, समोर बसून ऐकायला सवाई आहे. मग मधल्या मध्ये ह्या रेकॉर्ड कशाला?" भांडणात मी जिंकले, पण उत्तर मात्र सुचलं नाही.

---

खवचट_कर्वेनगर

नवऱ्याला माझा पाठिंबा कळवा. रेकॉर्डच्या नादाला लागलेल्या माणसाला पुढे नवी सुई लागते, मग नवा अॅम्प्लिफायर लागतो, मग रेकॉर्ड ठेवायला कपाट लागतं आणि शेवटी मोठं घर लागतं. माझ्या मेव्हण्याचं चाललंय, डोळ्यांनी बघतोय.

सवाईला मात्र जरूर या. भारतीय बैठकीचं तिकीट काढणार असाल तर पाठीला टेकायला काहीतरी आणा, आणि शाल. मुकुंदनगरच्या मैदानात सूर्य कलला की थंडी जमिनीतून वर येते.

---

नाना_डोंबिवली

मृण्मयीताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण कुठली रेकॉर्ड घ्यायची ते त्याच्यावरच ठरतं.

भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सवाई सुरू केला. आमच्या उमेदीच्या काळात तो रमणबागेत व्हायचा आणि रात्र रात्र चालायचा. शेवटच्या रात्रीचं उजाडायला लागलं की भीमसेनजी बसायचे. आम्ही डोंबिवलीहून घोळक्याने जायचो. घोंगड्या, थर्मास, कुणाची तरी झोपलेली पोरं, असा सगळा संसार घेऊन. त्या वेळी तोडी, ललत ही काही दुर्मीळ चीज वाटत नव्हती. रात्र संपली की सकाळचे राग येणारच.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत मुभा देतं, त्यातला एखादा सवाईच्या वाट्याला येतो. नियमाला मी नावं ठेवत नाही, मंडपाशेजारी राहणाऱ्याच्या घरीही तान्हं मूल असतंच. पण झालं काय की घड्याळाचा अर्धा भाग मंडपातून उठला. आता दुपारी भीमपलास, मुलतानी ऐका, दिवेलागणीला मारवा, पूरिया, मग यमन, बिहाग, फार तर बागेश्री. त्याच्या पुढचं, म्हणजे उत्तररात्रीचं आणि पहाटेचं, क्वचितच कानावर पडतं. ललत, भटियार, रामकली, तोडी समोर बसून ऐकायचे कुठे?

म्हणून माझा नियम: मंडपात जे मिळतं ते मंडपात ऐकावं, आणि पैसे मोजायचे ते मंडपात न मिळणाऱ्या रागांच्या रेकॉर्डवर. अमीर खाँसाहेबांची एक एलपी आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. सगळे त्याच एलपीमागे धावतात, म्हणून तिचा भाव चढलेला असतो. तुम्ही त्यांचीच मेघ आणि ललतची बघा. तो ललत सकाळी साडेपाचला लावा, घरातले उठायच्या आत, आवाज कमी ठेवून. मग यजमानांना विचारा, रेकॉर्ड कशाला.

"फोनवरही ललत आहेच की," असं ते म्हणतील. आहे ना. पण फोनवर बोट स्वस्थ बसत नाही. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते, आणि मध्येच उठून सुई उचलायचा मला कंटाळा येतो. त्या आळसापायी आलाप पुरता ऐकला जातो. शिवाय कव्हरच्या मागे तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सारंगी कुणाची हे बऱ्याचदा छापलेलं असतं. फोनवर साथीदाराचं नाव शोधायला गेलात तर गाणाऱ्याचा फोटोही भलत्याचाच निघतो.

अवांतर, पण महत्त्वाचं. सवाईत शेवटचा कलाकार उठला की लगेच चपला शोधायला पळू नका. एवढ्या थोरामोठ्यांच्या गाण्यानंतर महोत्सवाची सांगता होते ती ध्वनिमुद्रिकेने. सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी लावतात. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या) तबकडीवरची, म्हणजे काही मिनिटांचाच मामला. ते १९५२ साली गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस आता त्या मैदानात शोधून सापडायचं नाही, पण ज्यांच्या नावाने हे सगळं चाललंय ते शेवटी गाऊन जातात. यजमानांना ही भैरवी जरूर ऐकवा.

आता दुकानं.

माझी नोकरी फोर्टातल्या बँकेत झाली. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली वीस मिनिटं काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये. तिथे ऐकण्यासाठी बूथ होते. बूथ दोघांचा आणि आत आम्ही चौघे, दार अर्धवट उघडं, एकाचा डबा दुसऱ्याच्या कोपराखाली. घ्यायची एकालाच असायची आणि तीही पगाराच्या आठवड्यात, पण काउंटरवरच्या लोकांनी कधी हटकलं नाही. उलट विचारायचे, परवाच्या मैफलीला गेला होतात ना, कोण बसलं होतं साथीला? आणि मग म्हणायचे, त्यांचं ऐकलंत तर आता त्यांच्या गुरूंचं ऐका, हे घ्या. किती कलाकार मी अशा उलट्या वाटेने गाठले! आधी शिष्य समोर बसून ऐकला, मग गुरू तबकडीवर. गाण्याच्या कार्यक्रमांची तिकिटंही तिथेच मिळायची, त्यामुळे पुढच्या महिन्यात मुंबईत काय काय आहे ते पेपराआधी तिथे कळायचं. २०१६च्या सुरुवातीला ते बंद झालं. नंतर ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि पुढे ईडीच्या जप्तीत गेली. त्यावर मी काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

पुण्यात कर्वे रोडला अलूरकर म्युझिक हाऊस होतं. ते नुसते विक्रेते नव्हते, जुन्या बुजुर्गांच्या कॅसेट स्वतः काढायचे. माझ्याकडच्या कॅसेटमधलं काही गाणं मी दुसऱ्या कुठल्याच कंपनीकडे पाहिलेलं नाही. दुकानदाराच्या आवडीतून कंपनी निघते ती अशी.

आता जे उरलंय त्यातलं माझ्या पाहण्यातलं सांगतो. मुंबईत माहीमला द रिव्हॉल्वर क्लब आहे. तरुण मंडळी आहेत, नव्या-जुन्या रेकॉर्ड आणि यंत्रंही ठेवतात, एकत्र बसून ऐकायच्या बैठकाही करतात. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. हुतात्मा चौकाच्या परिसरात फूटपाथवर रेकॉर्ड मिळतात, तिथे उन्हाची वेळ टाळा, तुमच्यासाठीही आणि तबकडीसाठीही. आणि चोरबाजारात मटण स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावरचा बाजार भरतो. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या गर्दीत शिरू नये. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. तिथे रेकॉर्ड मिळेलच असं नाही. मिळाली तर भंगारवाल्याला तिची किंमत ठाऊक नसते, किंवा नको तेवढी ठाऊक असते.

पारखायचं कसं ते उद्या लिहितो, बायको जेवायला बोलावते आहे.

---

प्रभादेवीकर

नाना, "समोर बसून ऐकायचे कुठे" याला माझी हरकत आहे. रवींद्र नाट्यमंदिरात पंचम निषाद संस्थेचा 'प्रातःस्वर' हा गाण्याचा कार्यक्रम सकाळी सकाळीच असायचा, तोही अशाच तक्रारीवर उपाय म्हणून. मी तिथे तोडी ऐकली आहे, भटियारही. शिवाय दिवाळी पहाट गावोगाव होतात.

---

नाना_डोंबिवली

'प्रातःस्वर'बद्दल मान्य, शंभर टक्के. मीही पहिली लोकल पकडून आलोय तिथे.

दिवाळी पहाटेचं मात्र नाव काढू नका. पाच मिनिटं भटियार, की लगेच अभंग, नाट्यगीत, मध्ये निवेदिकेचं फराळावर भाषण, आणि प्रायोजकांचा सत्कार. माणसं नव्या कपड्यांत एकमेकांना भेटायला येतात. त्यात वाईट काही नाही, पण त्याला ललत ऐकणं म्हणत नाहीत.

मृण्मयीताई, आता पारख.

दुकानात गेल्यावर कव्हर बघून भुलायचं नाही, तुम्हाला तो धडा मिळालाच आहे. तबकडी बाहेर काढताना एक तळवा कडेला आणि बोटं मधल्या लेबलवर, गाण्याच्या भागाला स्पर्श नाही. मग दिव्याखाली किंवा खिडकीच्या उजेडात तिरकी धरा आणि सावकाश फिरवा. सरळ धरलीत तर सगळ्याच चकचकीत दिसतात. तिरक्या उजेडात केसाएवढे बारीक ओरखडे दिसतील, त्यांची धास्ती नको, त्याने नुसती खरखर येते. नखाच्या टोकाला जाणवेल असा चरा मात्र नको. आणि तो चरा गाण्याच्या रेघांना आडवा जातो की त्यांच्या दिशेने जातो तेही बघा. आडवा असेल तर दर फेरीला टक-टक होईल, ती सहन होते. रेघांच्या दिशेने गेलेला असला तर सुई त्यात अडकते आणि बुवा तीच तान मरेपर्यंत घेत राहतात.

मग मधलं भोक बघा. त्याच्याभोवती लेबलवर बारीक, वेड्यावाकड्या रेषा असतात. रेकॉर्ड लावताना खुंटी न सापडल्याने लेबल घासलं जातं, त्या रेषा. त्या जितक्या जास्त, तितकी ती रेकॉर्ड जास्त वाजलेली. मालक कितीही शपथा घेऊ दे, "एकदाच लावली साहेब", लेबल खोटं बोलत नाही.

तबकडी डोळ्याच्या पातळीवर आडवी धरा, डोलत असेल तर ठेवून द्या. ट्रकमधून, पत्र्याच्या शेडमधून आलेला माल असतो, उन्हाने वाकतो.

बुरशी म्हणजे पांढुरके ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. कोकणातून आणि आमच्या बाजूच्या ओलसर घरांतून आलेल्या मालावर हमखास. वरवरची असेल तर धुऊन जाते, मुरलेली असेल तर रेकॉर्ड स्वच्छ दिसते आणि तरी चुरचुरते. म्हणून ऐकून घ्यावी.

शेवटचं, कव्हरवरचा नंबर आणि लेबलवरचा नंबर जुळतो का ते बघा. अर्ध्या वेळा आत भलतीच तबकडी असते. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. शास्त्रीय गाण्यात मोनोला कमी लेखू नका.

आणि दुकानदार ऐकवायला नाही म्हणाला तर दुकानाबाहेर पडायचं. ऐकवणारा दुकानदार दोन पैसे जास्त मागत असला तरी द्यावेत. असं दुकान टिकावं यासाठी आपण एवढंच करू शकतो.

---

रंगभवन_कट्टा

शास्त्रीयवाल्यांच्या धाग्यात घुसतोय, माफी. पण नानांनी नियमाचं सांगितलं आणि राहवलं नाही.

आमचाही देव्हारा त्याच पायी गेला. धोबी तलावचं रंगभवन, खुलं थिएटर. जॅझ यात्रा १९७८ला तिथेच सुरू झाली, पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवाला सनी रॉलिन्स वाजवून गेला. बाबा त्या रात्रीचं अजून सांगतात, आणि दर वेळी त्यांची खुर्ची एकेक रांग पुढे सरकते. आमच्या पिढीला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव, १९८६ पासून. घामाघूम पोरं, काळे टीशर्ट, इंडस क्रीड, पेंटाग्राम, परिक्रमा. एका बाजूला झेवियर्स कॉलेज, आसपास कामा आणि जीटी हॉस्पिटल, म्हणजे शांतता क्षेत्र. कोर्टकचेऱ्यांनंतर तिथला आवाज बंदच झाला. हॉस्पिटलशेजारी डबल बास ड्रम नको हे कळतं हो. पण त्या बदल्यात शहराने दुसरी जागा दिली नाही, हे दुखणं आहे. आता रॉक ऐकायचा तर एकतर मॉलमधला बार, नाहीतर गावाबाहेरचं मैदान आणि तिथे पाण्याची बाटलीही तिकिटाच्या हिशेबात.

ऱ्हिदम हाऊसच्या तिकिटांचं नाना बोलले ते अगदी खरं. तिकीट घ्यायला जायचं, आणि रांगेत पुढच्याच्या हातात कुठली कॅसेट आहे ते बघून आपली ठरवायची. माझी अर्धी आवड रांगेतल्या अनोळखी पोरांनी घडवली.

मृण्मयी, तुला रॉकमध्ये रस नसेल, पण एक गोष्ट उपयोगाची. आता छोटे बँड रेकॉर्ड काढतात त्या थोड्याच प्रतींत. कार्यक्रमाच्या जागी टेबल मांडून विकतात, संपल्या की संपल्या. सवाईतही मंडपाबाहेर पुस्तकांचे, सीडीचे स्टॉल असतात. मध्यंतरात वडापावच्या रांगेत उभी राहण्याआधी तिथे एक फेरी मार. गाणं नुकतंच ऐकलेलं असताना घेतलेली वस्तू घरी गेल्यावर खरंच लावली जाते.

---

अमोल_बे_एरिया

इथून थोडं. सॅन फ्रान्सिस्कोत हेट स्ट्रीटवर अमिबा म्युझिक आहे. पूर्वी तिथे बोलिंगचा अड्डा होता, त्यामुळे आत शिरलं की छत उंच आणि लांबच लांब रांगा. भारतीय रेकॉर्डचा कप्पा छोटा, पण त्यात जे सापडतं ते पुण्यातही सापडणार नाही. अली अकबर खाँसाहेबांचं कॉलेज इथेच पलीकडे सॅन राफेलला, १९६७ पासून या भागात. त्यामुळे त्यांच्या शिष्यांच्या घरातून निघालेल्या सरोदच्या एलपी इथे फिरत येतात. खाँसाहेबांची १९५५ची अमेरिकेत निघालेली एलपी, जिच्या सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन रागाची ओळख करून देतात, ती मी इथेच घेतली. हिंदुस्थानी रागसंगीताची पहिली एलपी म्हणून तिचं नाव घेतात. आधीच्या मालकाने कव्हरवर पेन्सिलीने तीनतालाच्या मात्रा मांडून ठेवल्या आहेत, खालीच्या जागी गोल करून. त्यामुळे भाव उतरला होता. मला तर त्याचेच जास्त पैसे द्यायला हवे होते.

अमिबात दुकानातच फुकट गाणंबजावणं होतं. रेकॉर्डच्या रांगांत उभं राहून ऐकायचं, हातातली एलपी छातीशी धरून. मला वाटतं, मैफल आणि दुकान या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत ते तिथे दिसतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी इकडे रेकॉर्ड स्टोअर डे असतो. २००८ला पहिला झाला, त्या दिवशी मेटॅलिकावाले माउंटन व्ह्यूच्या रास्पुटिन दुकानात सह्या द्यायला बसले होते. हेतू चांगला, स्वतंत्र दुकानांकडे गिऱ्हाईक वळावं. पण आता पहाटेपासून रांगेत उभे राहणाऱ्यांतले बरेच जण खास त्या दिवसासाठी काढलेल्या रेकॉर्ड घेतात आणि संध्याकाळी दुप्पट भावाने इंटरनेटवर टाकतात. मी त्या दिवशी जात नाही. पुढच्या मंगळवारी जातो, तेव्हा काउंटरवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो.

---

फोंड्याचो_बाब

गोव्याची हजेरी लावतो. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर रेकॉर्डिंगच्या बाबतीत भारी कडक. आणि गंमत बघा, १९७७ला व्हॉयेजर यानांवर ज्या तबकड्या पाठवल्या, त्यांत हिंदुस्थानी संगीत म्हणून त्यांचीच साडेतीन मिनिटांची भैरवी. दर वर्षी कला अकादमी त्यांच्या नावाने समारोह करते, पुढच्या वर्षी तिकडे या. रेकॉर्डचं दुकान नाही दाखवू शकणार, पण जुन्या घरांतल्या कपाटांत खजिना आहे. पावसाळ्याने त्यातलं निम्मं खाल्लं, हेही खरं.

---

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला नानांचं उत्तर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "साडेपाचला उठणार कोण?" म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

तुमचं वाचून आज धोतराचं फडकं सोडलंच. आत हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या आहेत, बालगंधर्वांच्याही. काहींची लेबलं वाळवीने खाल्लेली. एकीला कडेपासून आतपर्यंत बारीक चीर गेली आहे, बाकी शाबूत वाटतात. माझ्या टर्नटेबलवर ७८चा आकडा आहे. लावून बघू का? आणि पुसू कशाने? घरात स्पिरिट आहे.

---

नाना_डोंबिवली

स्पिरिट खाली ठेवा! आधी ते.

ह्या तबकड्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुसलीत की बालगंधर्व फडक्यावर येतील. एलपी प्लास्टिकची असते, तिला कोमट पाणी, द्रव साबणाचा थेंब आणि मऊ फडकं चालतं, लेबल कोरडं ठेवून. लाखेच्या तबकडीची आधी नुसती कोरडी धूळ मऊ ब्रशने रेघांच्या दिशेने काढा. फारच कळकट असेल तर ओलसर फडकं फिरवून लगेच कोरडं करा, पाण्यात भिजत घालू नका.

दुसरं, ७८चा आकडा आहे म्हणजे वेग आहे, सुई नाही. ७८च्या रेघा रुंद असतात, त्यांना जाड टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या रेघेच्या तळाशी जाऊन घासते. आवाज केरकचऱ्याचा येतो आणि सुईचीही वाट लागते. तुमच्या काडतुसाला (सुई बसते त्या कार्ट्रिजला) ७८ची वेगळी सुई मिळते का ते भावाला विचारायला सांगा, अनेक कंपन्यांची मिळते. सुई कधी बदलली, त्याची नोंद ठेवा. जुन्या ग्रामोफोनवर पोलादी सुई दर बाजूला बदलायची असे, आजेसासऱ्यांकडे सुयांची डबी असेल. ट्रंकेत बघा, पत्र्याची, काडेपेटीहून लहान.

चीर गेलेली वाजवू नका. सुई त्यात आपटते, आणि तबकडी फिरता फिरता दुभंगू शकते. फेकूही नका. उभी नको, सपाट ठेवा, दोन पुठ्ठ्यांत बांधून. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथल्या मंडळींपैकी कुणाकडे तीच तबकडी धडधाकट असण्याची शक्यता बरीच. तुम्हाला त्यातलं गाणं हवंय ना, ते त्यांच्याकडून ऐकायला मिळेल.

त्यासाठी एक करा. प्रत्येक तबकडीच्या लेबलवर आणि लेबलच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेला नंबर असतो. लेबल वाळवीने खाल्लं असलं तरी कोरलेला नंबर वाचता येतो, विजेरी तिरकी धरा. सगळे नंबर कागदावर उतरवून इथे टाका. चिरलेलीचा आधी.